पॉइंट टू-टूच्या गोळीने कोल्हा मरतो का? रिमफायर काडतुसाचं गणित सोप्या मराठीत

यूट्यूबवर अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. बर्फाळ माळरान, एक माणूस रायफल टेकवून बसलेला, लांबून कोल्ह्यासारखं जनावर पळत येतं, 'टक्' असा बारीक आवाज होतो आणि जनावर जागेवर आडवं. खाली लिहिलेलं असतं, "पॉइंट टू-टूने कायोटी!"

मी मूळचा राणीसावरगावचा. गंगाखेड तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगेतलं आमचं गाव. सध्या पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गावाकडच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे व्हिडिओ आले की ठरलेला प्रश्न येतो : "आपल्याकडं आखाड्यावर कोल्हं येतंय, कोंबड्या नेतंय. अशी एखादी बारकी बंदूक पुरंल का? ऑनलाइन एअर गन मिळती, ती घेऊ का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात तीन प्रश्न आहेत. या गोळीत ताकद किती? ती ताकद जनावराला झटक्यात मारायला पुरते का? आणि आपल्या गावात हे करता येतं का? तिन्हींची उत्तरं क्रमाने बघू. फिजिक्स बारावीपर्यंतचंच आहे, घाबरू नका.

आधी नावांचा गोंधळ

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला प्राणी. कुत्रा-लांडग्याच्या कुळातला, वजन साधारण ९ ते १६ किलो. तो आपल्याकडे नाही. मराठी मथळ्यांत त्याला कधी कोल्हा म्हणतात, कधी लांडगा.

आपला कोल्हा, म्हणजे सोनेरी कोल्हा, साधारण ८ ते ११ किलोचा. त्याच्याहून लहान, झुबकेदार शेपटीचं ते खोकड. लांडगा या दोघांपेक्षा बराच मोठा. तिन्ही प्राणी मराठवाड्याच्या माळरानावर दिसतात. अंधारात टॉर्च मारल्यावर मात्र तिघांचे डोळे सारखेच चमकतात आणि गावातली भटकी कुत्रीही तशीच दिसतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रिमफायर म्हणजे नेमकं काय?

काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची नळी, आत दारू, पुढे शिशाची गोळी आणि मागे ठिणगी पाडणारा मसाला. हा मसाला कुठे भरलाय त्यावरून दोन जाती पडतात.

सेंटरफायर : मसाला मागच्या बाजूला बरोबर मधोमध, वेगळ्या टोपीत असतो. बंदुकीची पिन मध्यावर आपटते.

रिमफायर : वेगळी टोपी नसते. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली जी कड असते, त्या कडेच्या आतच मसाला भरलेला असतो. पिन कडेवर आपटते, कड चेपली जाते आणि ठिणगी पडते.

आता यातली मेख बघा. पिनच्या एका फटक्यात कड चेपली गेली पाहिजे, म्हणजे पितळ पातळ हवं. पितळ पातळ म्हटलं की आत जास्त दाब चालत नाही. दाब कमी तर वेग कमी आणि वेग कमी तर ताकद कमी. .२२ रिमफायरमध्ये दाबाची मर्यादा साधारण २४,००० पीएसआय असते. .२२३ या सेंटरफायर काडतुसात ती ५५,००० पीएसआय आहे. म्हणजे रिमफायर कमजोर का, याचं उत्तर त्याच्या रचनेतच आहे. कंपनी बदलून किंवा महागडं खोकं घेऊन त्यात फारसा फरक पडत नाही.

सगळ्यात प्रसिद्ध रिमफायर म्हणजे .२२ लाँग रायफल. १८८७ साली ते अमेरिकेत आलं आणि आजही चालू आहे. स्वस्त, आवाज कमी, धक्का जवळपास नाही. म्हणूनच नवशिक्यांना तेच देतात. तुमच्यापैकी कोणी कॉलेजात एनसीसीत असाल तर फायरिंगच्या दिवशी हातात आलेली रायफल बहुधा पॉइंट टू-टूच असेल. मी इंजिनिअरिंगला असताना २५ मीटरवर तीच चालवली. खांद्याला धक्का इतका कमी बसतो की पहिल्या गोळीनंतर "झालं का?" असं मी शेजारच्याला विचारलं होतं.

या बारक्या गोळीने ऑलिम्पिक पदक आणलंय

कमजोर म्हटलं म्हणून तिला खेळणं समजू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आठवतोय? १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. ती स्पर्धा .२२ लाँग रायफल काडतुसानेच खेळली जाते. त्याच्या आधी, २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, तीही याच काडतुसावर.

५० मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त १०.४ मिलिमीटरचं. म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. तिथे ही गोळी पुन्हा पुन्हा जाऊन बसते.

मग अडचण काय? कागदाला भोक पाडायला अचूकता पुरते. कागद पळत नाही, त्याला हाडं नसतात आणि नेम चुकला तर त्याला वेदना होत नाहीत. जनावराच्या बाबतीत अचूकतेइतकीच ताकदही लागते.

ताकद मोजायची कशी?

शाळेतलं सूत्र आठवा : गतिज ऊर्जा = १/२ × वस्तुमान × वेग². वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.

.२२ लाँग रायफलच्या नेहमीच्या वेगवान गोळीचं वजन २.६ ग्रॅम आणि नळीतून निघतानाचा वेग साधारण ३८० मीटर प्रति सेकंद. गणित केलं की येतात सुमारे १९० जूल.

आता बाकीच्यांशी तुलना करू. आकडे नळीच्या तोंडाशी मोजलेले आणि ढोबळ आहेत. कंपनीप्रमाणे थोडे मागे-पुढे होतात.

• बिनपरवान्याची .१७७ एअर गन : जास्तीत जास्त २० जूल
• .२२ लाँग रायफल : १९० जूल
• .१७ एचएमआर (रिमफायर) : ३३० जूल
• .२२ मॅग्नम (रिमफायर) : ४२० जूल
• .२२३ रेमिंग्टन (सेंटरफायर) : १,७५० जूल

यातली पहिली आणि शेवटची ओळ सोडली तर बाकी सगळी रिमफायर आहेत. शेवटचं काडतूस बघा. .२२३ च्या गोळीचा व्यास .२२ एवढाच आहे, साधारण ५.७ मिलिमीटर. आपल्या इन्सास रायफलचं ५.५६ मिलिमीटरचं काडतूस याच कुळातलं. गोळी तेवढीच जाड, पण ऊर्जा नऊपट, कारण तिचा वेग सेकंदाला ९९० मीटरच्या आसपास असतो. 'पॉइंट टू-टू' हे फक्त जाडीचं माप आहे, त्यावरून ताकद कळत नाही. रॅम ८ जीबी एवढंच सांगितलं तर फोन कसा चालेल ते कळत नाही, तसंच हे.

आणखी एक गंमत. हवेच्या विरोधामुळे गोळीचा वेग कमी होत जातो. ९० ते १०० मीटरवर .२२ लाँग रायफलची ऊर्जा साधारण १२० जूलवर येते. १२० जूल म्हणजे किती? १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटरने टाकला तर त्याचीही ऊर्जा १२० जूलच भरते!

"मग चेंडूने माणूस मरत नाही आणि गोळीने मरतो, असं का?" कारण चेंडूचा मार मोठ्या जागेवर पसरतो. गोळीची सगळी ऊर्जा पाच-साडेपाच मिलिमीटरच्या टोकावर येते, म्हणून ती आत घुसते. पण आत घुसणं वेगळं आणि जनावर झटक्यात मरणं वेगळं. पुढचा भाग त्यावरच आहे.

गेममधला 'डॅमेज' आणि खरं जनावर

बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळणाऱ्यांच्या डोक्यात एक हिशोब बसलेला असतो : प्रत्येक बंदुकीचा डॅमेज ठरलेला, समोरच्याची हेल्थही ठरलेली, गोळ्या लागत गेल्या की हेल्थ शून्य. मी स्वतः कोड लिहितो, त्यामुळे सांगतो : ही सोय गेम बनवणाऱ्याची आहे. एका व्हेरिएबलमधून दुसरा आकडा वजा करायला सोपं जातं.

खऱ्या जनावरात हेल्थ नावाचा आकडा नसतो. गोळी मेंदूत किंवा मानेच्या मणक्यात बसली तर जनावर तिथेच कोसळतं. हृदय किंवा फुप्फुसं फाटली तर रक्तदाब उतरून काही सेकंदांत पडतं. पोटात, मांडीत, जबड्यात बसली तर ते पळून जातं आणि तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस तडफडून मरतं. किंवा मरतही नाही, लंगडत जगतं.

म्हणून 'पुरेशी गोळी' कशाला म्हणायचं याची व्याख्या आधी पक्की करू. "या गोळीने कधी कोणी मारलंय का?" हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण नेम नशिबाने बसला तर काहीही मरतं. खरा प्रश्न असा : ज्या अंतरावरून, ज्या उजेडात, जशा हातांनी आपण गोळी झाडणार, तिथून जनावर दर वेळी झटक्यात मरेल याची खात्री आहे का?

या कसोटीवर .२२ लाँग रायफल तीन ठिकाणी कमी पडते.

१) गोळी खाली पडते. १०० मीटर जायला तिला साधारण ०.३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला ४० सेंटिमीटरहून जास्त खाली ओढतं. रायफलची दुर्बीण ५० मीटरला जुळवली असेल तर १०० मीटरवर गोळी नेमाच्या १५ ते १८ सेंटिमीटर खाली लागते आणि १५० मीटरवर अर्ध्या मीटरहून जास्त खाली. कायोटीच्या छातीतला मर्माचा भाग साधारण १० सेंटिमीटरचा धरतात. कोल्हा त्याहून लहान. म्हणजे अंतराचा अंदाज २०-२५ मीटरने चुकला की गोळी पोटात किंवा पायात.

२) वारा आणि हालचाल. ताशी १५-१६ किलोमीटरचा आडवा वारा १०० मीटरवर या गोळीला १० ते १५ सेंटिमीटर बाजूला नेतो. शिवाय जनावर काही पुतळा नसतं. रमतगमत चालणारा कोल्हाही ०.३ सेकंदात ४०-४५ सेंटिमीटर पुढे सरकतो. तुम्ही छातीवर नेम धरला, गोळी पोचेपर्यंत तिथे मागचा भाग आलेला असतो.

३) आत गेल्यावर जोर संपतो. साधी शिशाची गोळी बारीक भोक पाडत जाते. पोकळ टोकाची गोळी आत उमलून जखम मोठी करते, पण उमलली की कमी खोल जाते. खांद्याच्या हाडावर बसली तर तिथेच थबकू शकते. आणि लांबवर वेग उतरलेला असला तर ती धड उमलतही नाही. मेंदूवर नेम धरायचा म्हटलं तर लिंबाएवढी जागा, तीही सतत हलणारी.

मग अमेरिकन लोक मारतात ते कसं?

तिकडेही जाणकार शिकारी .२२ लाँग रायफलला कायोटीचं काडतूस मानत नाहीत. ज्यांना वापरायचंच आहे ते ४०-५० मीटरच्या आत, उभं जनावर आणि टेकवलेली रायफल एवढ्यापुरतंच ठेवतात. .२२ मॅग्नम आणि .१७ एचएमआर यांना साधारण १०० मीटरच्या आत, हात बसलेल्या माणसासाठी चालवून घेतात. त्यापुढे .२२३ किंवा .२४३ सारखी सेंटरफायर काडतुसंच लागतात. हरणाच्या शिकारीला तर तिकडच्या अनेक राज्यांत रिमफायर चालतच नाही, कायद्यानेच मनाई आहे.

"आमच्या आजोबांनी टू-टूनेच शेकडो मारले" असं सांगणारे तिकडे बरेच भेटतात. त्यात खोटं असेलच असं नाही. सापळे लावून फर विकणारे लोक सापळ्यात अडकलेल्या जनावराला हातभर अंतरावरून .२२ ची गोळी घालायचे. अडकलेल्या जनावराच्या डोक्याला टेकवून मारणं आणि मोकळ्या रानात ८० मीटरवरून मारणं यांची तुलनाच होत नाही.

आणि व्हिडिओचं म्हणाल तर एक गोष्ट आम्हा डेटावाल्यांना पहिल्यांदा शिकवतात : जे दिसतं त्यापेक्षा जे गाळलंय ते बघा. दहा गोळ्यांपैकी नऊ फुकट गेल्या, दोन जनावरं जखमी होऊन पळाली, हे कोण अपलोड करतो? जो नेम बसला तोच एडिट होतो. त्याला व्ह्यूज मिळाले की अल्गोरिदम तसलेच अजून दाखवतो. आपल्याला वाटतं, दर गोळीला जनावर पडतंच. आपण बघत असतो फक्त यशस्वी गोळ्यांची यादी.

तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एका ओळीत : .२२ लाँग रायफलने कायोटी किंवा कोल्हा मरू शकतो, पण ती त्या कामाला पुरेशी नाही. एअर गन तर तिच्या नवव्या हिश्शाचीही नाही. तिने कोल्हा फक्त जखमी होईल.

आता आपल्या गावचं बघू

इथे फिजिक्स बाजूला ठेवावं लागतं. भारतात कोल्ह्याची शिकार कुठल्याच गोळीने चालत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ ला मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कोल्हा आता अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघ-बिबट्याच्या यादीत आहे. लांडगाही त्याच यादीत. शिक्षा कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. जखमी करणं, सापळा लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारीतच मोडतं. म्हणजे "मी काय मारलं नाही, एक छर्रा मारून हुसकावलं" हा बचाव चालत नाही.

ऑनलाइन एअर गनबद्दल इथेच गैरसमज होतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ पर्यंत जाडीची आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची एअर गन परवान्याशिवाय घेता येते. लोक याचा अर्थ लावतात की ती कशावरही चालवता येते. घ्यायला परवाना लागत नाही एवढंच खरं. तिने वन्य प्राणी जखमी केला की गुन्हा तोच, अनुसूची तीच. आणि .२२ रायफलला तर शस्त्र कायदा १९५९ खाली परवाना लागतोच. हातात बंदुकीचा परवाना असला म्हणजे शिकारीची परवानगी मिळाली असंही नाही. ते दोन वेगळे कागद आहेत.

वर, शिकारीची रील टाकणारे लोक त्याच रीलमुळे सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. फोन तुमचा, अकाउंट तुमचं, चेहरा तुमचा. तपास करणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं.

चुकलेली गोळी कुठे जाते?

समजा कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी ही गोष्ट मला सगळ्यात जास्त भिववते. .२२ च्या काडतुसांच्या खोक्यावर इशारा छापलेला असतो : मैल-दीड मैलापर्यंत धोका. म्हणजे दीड ते अडीच किलोमीटर! जनावर मारायला १०० मीटरवर कमी पडणारी गोळी चुकली तर किलोमीटरभर लांबच्या माणसाचा डोळा फोडू शकते.

आणि कमी वेगाची, गोल टोकाची शिशाची गोळी कडक जमिनीवर किंवा पाण्यावर तिरकी आपटली तर उसळी घेते. आमच्याकडे बालाघाटचं रान म्हणजे दगडच दगड. सुगीच्या दिवसांत रात्री प्रत्येक शिवारात कोणीतरी जागलीवर असतं. कोणी आखाड्यावर झोपलेलं, कोणी मोटार चालू करायला निघालेलं. सोयाबीन-तुरीच्या पलीकडे कोण आहे ते टॉर्चच्या उजेडात दिसत नाही. आणि सुरुवातीला म्हटलं ते आठवा : चमकणारे डोळे कोल्ह्याचे की शेजारच्या आखाड्यावरच्या कुत्र्याचे, हेही तिथून कळत नाही.

ऑलिम्पिकच्या रेंजवर लक्ष्याच्या मागे गोळी अडवायची पक्की सोय असते. एनसीसीच्या फायरिंगला मागे मातीचा मोठा बांध असतो आणि लाल झेंडा लावून रस्ता बंद करतात. शेतात यातलं काही नसतं.

जखमी कोल्हा जास्त धोकादायक

धडधाकट कोल्हा माणसाला बघून पळतो. तो उंदीर-घुशी, किडे, बोरं, मेलेली जनावरं असलं काहीही खातो. रानातले उंदीर कमी करणारा तो फुकटचा गडी आहे. कोंबडी, करडू उघड्यावर सापडलं तर नेतो, कलिंगडं-ऊसही खातो, हे खरं. पण जखमी झालेला, उंदीर पकडता न येणारा कोल्हा तर हमखास सोपं भक्ष्य शोधत आखाड्याकडेच येणार. म्हणजे अर्धवट गोळीने आपलं नुकसान वाढतं.

दुसरी गोष्ट रेबीजची. कोल्ह्यालाही कुत्र्यासारखा रेबीज होतो. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांमध्ये तो आढळला होता. दिवसाढवळ्या अंगावर येणारा, न घाबरणारा, लाळ गळणारा कोल्हा दिसला तर जवळ जाऊ नका. चावला किंवा ओरखडलं तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. हळद, चुना, तिखट लावत बसू नका. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर जवळजवळ इलाज नसतो.

मग करायचं काय?

बंदुकीशिवाय करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं काही तर हातातल्या फोननेच होतं.

• खुराडं : कोंबड्यांसाठी बारीक छिद्रांची मजबूत जाळी लावा. जाळी जमिनीत वीतभर गाडा, कारण कोल्हा खाली उकरतो. शेळ्या-करडं रात्री दाराआड ठेवा.
• घाण उचला : मेलेल्या कोंबड्या, वार, शिळं अन्न आखाड्याजवळ टाकलं की कोल्हा वासावर रोज येतो. लांब नेऊन पुरा.
• झटका मशीन : बॅटरी किंवा सोलरवर चालणारं तयार मशीनच वापरा. ते ठरावीक वेळाने क्षणभर झटका देतं. तारेत थेट लाइनचा करंट सोडू नका. त्यात आपल्याच घरातलं माणूस जातं आणि गुन्हाही दाखल होतो.
• फोटो काढा : नुकसान झालं की तारीख, वेळ, लोकेशन उमटणाऱ्या कॅमेरा ॲपने फोटो घ्या. पायाचे ठसे घेताना शेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे आकार कळतो.
• १९२६ : ही महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन आहे. प्राणी अडकला असेल, जखमी असेल, वस्तीत शिरला असेल तर हा नंबर लावा.
• भरपाई : वन्य प्राण्याने माणसाला जखमी केलं, जनावर मारलं किंवा पिकाची नासाडी केली तर वन विभागाकडून अर्थसाहाय्य मिळतं. माणूस आणि जनावरांच्या बाबतीत कोल्हा आणि लांडगाही यादीत आहेत. यात मुदत असते, त्यामुळे त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका.

पिकाचं मोठं नुकसान आमच्याकडे खरं तर रानडुकरं आणि रोही करतात. त्यांच्यासाठी परवानगीची वेगळी पद्धत आहे, ती वन विभागातूनच जाते. आणि ज्या गोळीने दहा किलोचा कोल्हा नीट मरत नाही, ती जाड कातडीच्या रानडुकराला मारायला तर निघूच नका. जखमी डुक्कर सरळ अंगावर येतं.

तुमचे नेहमीचे प्रश्न

*.२२ मॅग्नम घेतली तर?*
ताकद दुपटीहून जास्त आहे, पण कोल्ह्यासाठी कायदा तोच आणि चुकलेल्या गोळीचा धोका आणखी वाढतो.

*एअर गन फक्त आवाजासाठी वापरली तर?*
एअर गनचा आवाज फटाक्याएवढाही नसतो. त्यापेक्षा हलणारा दिवा, रेडिओ किंवा पाळलेलं कुत्रं जास्त उपयोगी. दिव्याची आणि आवाजाची जागा दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर कोल्ह्याला सवय होते.

*बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर ॲप असतात, ते खरे असतात का?*
गणित बरोबर असतं. पण अंतर, वारा, गोळीचा खरा वेग हे आकडे तुम्ही चुकीचे टाकले तर उत्तरही चुकीचंच येतं. आणि समोरचं जनावर पुढच्या क्षणी कुठे जाईल, ते कुठल्याच ॲपला कळत नाही.

*मला नेमबाजी आवडते, मग काय करू?*
मस्त! कॉलेजात एनसीसी घ्या किंवा जवळच्या शूटिंग क्लबमध्ये १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करा. त्यात लागणारी एअर रायफल .१७७ चीच असते. कोल्हापूरच्या खेड्यातला पोरगा या वाटेने ऑलिम्पिकपर्यंत गेला, मग परभणीच्या पोरांनी का जाऊ नये?

तुमच्या गावात कोल्ह्या-लांडग्याचा त्रास आहे का? त्यावर कोणता उपाय चालला, कोणता फसला, कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि ग्रुपवर कोणी "ही एअर गन घेऊ का?" असं विचारलं तर हा लेख त्याला पाठवा.